रबर, स्मरणशील धातू आणि त्यांच्यामधील सांधा

सिलिकॉन रबराच्या पट्टीत निकेल-टायटॅनियमची तार बसवायची, तारेतून वीज सोडायची आणि पट्टी बोटासारखी वाकताना पाहायची. विज्ञानवृत्तांत हे दृश्य वारंवार दिसते, आणि ते मनोहर आहे यात शंका नाही. मात्र त्याखाली ‘उद्याचे कृत्रिम स्नायू’ असा मथळा येतो, तेथे माझा आक्षेप सुरू होतो.

या दोन पदार्थांची जोडी मुळात विजोड आहे. (येथील सिलिकॉन म्हणजे संगणकाच्या चिपमधील मूलद्रव्य नव्हे, सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीचा हा बहुवारिक. मराठीत दोघांनाही एकच नाव पडले, हे आपले दुर्दैव.) रबर मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले जाते, निटिनॉलची तार सुमारे ८ टक्क्यांपर्यंतचाच ताण विसरून पूर्वरूप घेऊ शकते. धातूचा ताठरपणा रबराच्या हजारो पट. त्यामुळे प्रत्येक आकुंचनात सारा भार दोहोंच्या सीमेवर येतो, आणि तारेवरील गुळगुळीत ऑक्साइडच्या थराला रबर सहजी चिकटत नाही. सांधा सुटला की तार रबरात नुसतीच सरकते.

दुसरी अडचण उष्णतेची. शरीर ३७ अंश सेल्सिअसला असते, म्हणून तार त्याहून वरच्या तापमानाला जागी व्हावी लागते; पण फार वर गेल्यास भोवतालची ऊती भाजेल. रबर उष्णतेचे मंदवाहक. ते ऊतीला थोडेफार राखते खरे, परंतु तारेला लवकर निवूही देत नाही. मग असा स्नायू आकुंचन पावतो झटकन आणि सैल पडतो सावकाश.

आपल्याकडे याहून संयमी वाट चोखाळली गेली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या सहकार्याने हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवणारे उपकरण निटिनॉलपासून विकसित केले, आणि २०२० मध्ये त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिसकडे सोपवले. त्यात वीज नाही, तापवणे नाही. धातूची अतिलवचीकता तेवढी वापरली आहे. मथळ्याला ते फिके वाटेल, रुग्णाला नाही.

रबर-धातूच्या जोडीवर संशोधन थांबवावे असे मी म्हणत नाही. दिशा बदलणाऱ्या नळीसारख्या, तासाभरात शरीराबाहेर येणाऱ्या साधनांसाठी ती आजही आशादायी वाटते. कायमच्या रोपणाचा हिशेब निराळा: मिनिटाला ७२ ठोके धरले तरी दहा वर्षांत हृदय सुमारे ३८ कोटी वेळा धडधडते. या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाकण्याच्या कोनाआधी ३७ अंशांच्या क्षारद्रावात सांधा किती आवर्तने टिकला आणि द्रावात निकेल किती उतरले, हे दोन आकडे मांडावेत. मार्गदर्शकांनीही तेच आधी विचारावेत.