घरबसल्या कमाई, पण कोणाची?

‘घरी बसून पेन्सिली पॅक करा, महिन्याला तीस हजार कमवा’ ही जाहिरात गेली काही वर्षे फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरते आहे. सोबत नटराजच्या डब्यांचा ढीग, हसरी गृहिणी आणि नोंदणीचे पाच-सहाशे रुपये भरायला क्यूआर कोड. नटराज बनवणाऱ्या हिंदुस्थान पेन्सिल्स या मुंबईच्या कंपनीने ‘आम्ही असे काम कोणाला देत नाही’ असे जाहीर करूनही ती थांबलेली नाही. खरे तर कंपनीच्या खुलाशाचीही गरज नव्हती, नुसता हिशेब पुरला असता. दहा पेन्सिलींचे पाकीट दुकानात साधारण पन्नास-साठ रुपयांना मिळते. त्यातच लाकूड, शिसे, रंग, वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा आला. एक पाकीट भरायला कंपनीने अगदी सढळ हाताने एक रुपया दिला असे धरू. तीस हजार मिळवायला महिन्याला तीस हजार पाकिटे, म्हणजे तीन लाख पेन्सिली भराव्या लागतील. एका पेन्सिलीचे वजन चार ग्रॅम धरले तरी हा माल बाराशे किलोंचा झाला. तो टेम्पोने दोन खोल्यांच्या घरात आणून टाकायचा, मोजून परत न्यायचा, आणि कशासाठी? तर यंत्र जे काम काही पैशांत करते ते रुपयाला करून घेण्यासाठी! असा कारखानदार फार दिवस कारखानदार राहणार नाही.

म्हणून घरबसल्या मिळणारे प्रत्येक काम खोटेच, असे मात्र नाही. महाराष्ट्रात घरी बसून केलेल्या कामाचा इतिहास मोठा आहे आणि खऱ्या-खोट्याची पारख करायला तोच उपयोगी पडतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत पापड सुरू केला. आजही तिथली पद्धत साधीच आहे. सकाळी शाखेतून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी ते परत आणून द्यायचे आणि वजनाप्रमाणे मजुरी घ्यायची. सोलापूरच्या पूर्व भागात हजारो बायका घरी विड्या वळतात. पान आणि तंबाखू कारखान्याकडून येते, मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि वाईट वळलेल्या विड्या मोजणीतून बाद होतात. या दोन्ही कामांत कच्चा माल देणाऱ्याचा असतो, काम मोजता येते, तयार वस्तू बाजारात कोणीतरी विकत घेते आणि पैसा देणाऱ्याकडून करणाऱ्याकडे जातो. आणखी एक खूण आहे, ती सांगायला बरे वाटत नाही: खऱ्या कामाची मजुरी कमी असते. घरी बसून कोणालाही करता येणारे काम करायला पुष्कळ हात तयार असतात, त्यामुळे भाव पडतो. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला तो काही त्यांची चंगळ चालली होती म्हणून नव्हे. तेव्हा बिनकसबाच्या, दोन तासांच्या कामाला कोणी तीस हजार देऊ करत असेल, तर तो आकडाच त्या प्रस्तावाविरुद्धचा पहिला पुरावा.

यावर हमखास येणारे उत्तर असे: ‘पण आम्हाला पहिले पैसे मिळाले ना!’ मिळतातच. सध्याच्या ‘टास्क’च्या फसवणुकीत यूट्यूबचा व्हिडिओ लाइक करायला किंवा गूगल मॅपवर हॉटेलला पाच तारे द्यायला सांगतात आणि तास-दोन तासांत दीडशे रुपये खात्यात जमा होतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथे हजार भरा, तेराशे घ्या. इथपर्यंतही पैसे परत येतात. पुढच्या ‘प्रीपेड टास्क’ला पाच हजार, मग पन्नास हजार. पडद्यावर आपल्या नावाचे लाखभर रुपये दिसत राहतात, पण काढायला गेले की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतात. ग्रुपमधले जे इतर सभासद पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात, ते बहुतेक त्याच टोळीचे असतात. सुरुवातीचे दीडशे रुपये म्हणजे गळाला लावलेले गांडूळ. अशा गळाला पूर्वीही लाखो लोक लागले आहेत. २०१०-११ मध्ये स्पीकएशिया नावाच्या कंपनीने अकरा हजार रुपये वर्गणी घेऊन घरबसल्या सर्वेक्षणे भरायला दिली. आठवड्याला दोन, प्रत्येकी पाचशे रुपये. म्हणजे वर्षाला अकरा हजारांचे बावन्न हजार. सुरुवातीला पैसे मिळत होते, म्हणूनच वीस लाखांहून अधिक लोक आले. त्या सर्वेक्षणांना खरे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मात्र पैसे मिळत होते तोवर फारसा कोणी विचारला नाही. पुढे मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला आणि घोटाळा दोन हजार कोटींच्या पुढे गेल्याचे सांगितले गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धंदा म्हटला की आधी पैसे घालावे लागतात, मग अनामत मागितली म्हणून लगेच फसवणूक कशी? बरोबर आहे, शिलाई मशीन फुकट मिळत नाही. पण मशीन विकत घेताना आपण गिऱ्हाईक असतो, नोकरीला लागलेलो नसतो. गोंधळ होतो तो विक्रेता जेव्हा ‘तुमचा सगळा माल आम्हीच परत घेऊ’ म्हणतो तेव्हा. वाती किंवा अगरबत्ती बनवण्याची यंत्रे अशाच आश्वासनावर खपवली जातात. मग माल ‘दर्जाचा नाही’ म्हणून नाकारला जातो आणि यंत्र माळ्यावर जाते. ‘डेटा एंट्री’चा प्रकार याहून निर्लज्ज. करारावर सही घेतात, नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेची अट घालतात आणि चुका दाखवून बनावट वकिलाची नोटीस पाठवतात: दंड भरा, नाहीतर कोर्टात या. कोर्टाच्या भीतीने लोक पैसे भरतात. कोविडनंतर घरून चालणाऱ्या खऱ्या नोकऱ्यांशी याची सांगड घालणे चूक आहे. तिथे मुलाखत असते, नेमणूकपत्र असते, आणि टीडीएस पगारातून कापला जातो. तो आधी कोणाच्या यूपीआयवर भरायला कोणी सांगत नाही.

तिसरे मत अनेक सुशिक्षित घरांत ऐकू येते: लोभी माणसेच फसतात, त्यांची कीव कशाला? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने असे प्रस्ताव देणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली, तेव्हा गृह मंत्रालयानेच त्यांचे लक्ष्य सांगितले होते: निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू सोडून बाहेर पडता येत नाही, जवळपास काम नाही, अशा बाईने चार तासांचे काम शोधणे याला लोभ म्हणता येत नाही. उलट्या टोकालाही हीच निकड आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून ५४९ भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना इतरांना ऑनलाइन फसवायला जुंपले होते. लोभावर बोट ठेवले की जाहिरात छापणारे, दाखवणारे आणि खाती पुरवणारे आपोआप सुटतात. यात वर्तमानपत्रेही आली: छोट्या जाहिरातींत ‘घरबसल्या कमवा’ छापायचे आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात ‘वाचकांनी खातरजमा करावी’ असे म्हणून हात झटकायचे.

खात्यांची गोष्ट तर याच बाजाराचा पुढचा मुक्काम आहे. ‘तुमचे बँक खाते वापरायला द्या, व्यवहारामागे कमिशन घ्या’ हेही आता घरबसल्या काम म्हणूनच विकले जाते. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे तरी लुटलेले पैसे पुढे जातात आणि पोलीस पहिल्यांदा दार ठोठावतात ते खातेदाराचे. ही भाड्याची खाती सापडली की टोळीची नाडी आवळता येते. पण पाच-सहाशे रुपयांसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढायला कोणी तयार नसते, घरी सांगायलाही लाज वाटते, आणि तेच खाते, तोच क्रमांक पुढच्या हजार जणींसाठी चालू राहतो. १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लहान रकमेचीही तक्रार करता येते. तीत पैसे गेलेले खाते, यूपीआय आयडी आणि फोन क्रमांक द्यावा. रक्कम परत येईलच असे नाही. पण तेच खाते दहा तक्रारींत आले, तर ते न गोठवायला बँकेला सबब उरत नाही.