यार्देनचे धोंडे आणि टाकळघाटचा नाला



आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीत एक ख्रिस्ती शेजारी आहेत. काही वर्षांपूर्वी ते बायबलमधली जुनी ठिकाणं पाहून आले. त्यातला एक दिवस यार्देन नदी आणि यरीहो गावाचा होता. सकाळी नदीवर स्नान, दुपारी गावाबाहेरची पांढरीची टेकडी, संध्याकाळी परत. माझा पिंड शेतीचा, म्हणून मी त्यांना आधी विचारलं, "तिथं पाणी कुठलं?"

प्रश्न वावगा नव्हता. यरीहो समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीचशे मीटर खाली आहे. पाऊस म्हणाल तर आपल्या नागपूरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. तरीही तिथं खजुराच्या नि संत्र्याच्या बागा उभ्या आहेत, त्या एका जिवंत झऱ्याच्या जोरावर. त्या झऱ्याच्या काठी माणसं इतकी पूर्वी घर करून राहिली, की कॅथलीन केन्यन या इंग्रज बाईंनी 1952 ते 1958 या काळात टेकडी खणली तेव्हा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज सापडला. 2023 मध्ये युनेस्कोने ती टेकडी जागतिक वारशात घेतली. बायबलात अशी कथा आहे की हे पाणी पूर्वी वाईट होतं, अलीशा नावाच्या संदेष्ट्याने त्यात मीठ टाकलं आणि ते गोड झालं. (विहिरीच्या पाण्यावर हा प्रयोग कुणी करू नये. आपल्या काळ्या जमिनीत आधीच क्षार वर येण्याची खोड आहे.)

पण मला जास्त लागून राहिली ती धोंड्यांची गोष्ट. इस्राएली लोक चाळीस वर्षं रानोमाळ भटकून यार्देनच्या काठी आले, तेव्हा नदी दुथडी भरली होती. दिवस होते पीक काढणीचे. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपली नदी काढणीच्या वेळी आटत आलेली असते. तिथं जवाची कापणी वसंतात होते आणि त्याच वेळी हर्मोन डोंगरावरचा बर्फ वितळून नदीला पाणी येतं. कथेप्रमाणे पाणी थांबलं, लोक कोरड्या पायांनी पार झाले, आणि यहोशवाने बारा वंशांच्या नावे नदीच्या पात्रातले बारा धोंडे काढवून गिलगाल इथं उभे करवले. कशासाठी? तर पुढं पोरांनी विचारावं, हे धोंडे कसले, आणि बापाने सांगावं. हे गिलगाल नेमकं कुठं, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. शेजाऱ्यांना धोंडे काही दिसले नाहीत.

मी त्यांना म्हटलं, धोंडे पाहायचे तर इथून तासाभरावर चला.

नागपूर जिल्ह्यात बरडावर, टेकाडाच्या पायथ्याशी मोठमोठे काळे धोंडे गोल मांडलेले तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, रायपूर, भागीमोहारी, टाकळघाट, खापा ही त्यातली काही गावं. अभ्यासक त्यांना शिळावर्तुळं म्हणतात. आणि यातल्या टाकळघाटच्या वर्तुळांशी एका ख्रिस्ती प्रवाशाचा एक पूर्ण दिवस जोडलेला आहे, त्याच्या आयुष्यातला शेवटचा.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री. जन्म 1817 चा. 1845 साली ते नागपुरात आले, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी शाळा काढली. 1883 मध्ये निघालेलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं, पण ते पाहायला ते नव्हते. धर्मोपदेशाचं काम त्यांनी केलंच. मात्र आपल्या उपयोगाचा माणूस म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो तो वेगळ्या कारणाने. हा मनुष्य गावोगाव फिरताना खाली पाहत चालायचा. नागपूरजवळ टाकळीला त्यांना नि त्यांचे सोबती हंटर यांना दोन काळ्या पाषाणांच्या थरांमध्ये दबलेला एक पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, फळं, बिया, सगळं दगड होऊन बसलेलं. म्हणजे लाव्हा एकदा ओतला, मग थांबला, त्यावर तळी झाली, झाडं वाढली, आणि पुन्हा वरून लाव्हा आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही हकीकत. ज्या पाषाणाच्या झिजेतून तुमची पऱ्हाटीची काळी जमीन झाली, तो एकाच वेळी नव्हे तर थर थर करून साचला, हे त्या गोगलगाईंनी दाखवलं. गोंड लोकांची लिंगोची लांबलचक कथाही हिस्लॉप यांनी गोंडीत उतरवून घेतली होती. ती त्यांच्यामागे, 1866 मध्ये छापली गेली.

छापली ती रिचर्ड टेंपल यांनी. टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे मुख्य अधिकारी होते. 4 सप्टेंबर 1863 ला हे दोघे टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले. काही ठिकाणी खणूनही पाहिलं. काम झाल्यावर टेंपल बोरीच्या मुक्कामाकडे परतले आणि हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे थांबले. संध्याकाळी मुक्कामावर घोडा आला, पाठीवर स्वार नव्हता. लोक शोधायला निघाले. वाटेतला नाला पाण्याने चढला होता, आणि त्यातच त्यांचा देह सापडला. सेहेचाळीस वर्षं पुरी व्हायला चार दिवस कमी होते.

इथं मला तुमच्याशी थोडं थांबून बोलायचं आहे, कारण हे मरण फक्त 1863 चं नाही. सकाळी टाचा भिजवणारा नाला संध्याकाळी माणूस कसा नेतो? जूनमध्ये काळी जमीन भेगाळलेली असते, पहिला पाऊस ती गटागट पिते. भाद्रपदात भेगा मिटलेल्या असतात, चिकणमाती फुगून बसते आणि पाणी आत घेतच नाही. मग वरच्या अंगाला पडलेली एक जोराची सर जवळपास सगळीच नाल्यात उतरते. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि नाला फुगलेला असतो. दुसरा प्रकार त्याहून फसवा. मोठ्या नदीला पूर असला की नाल्याचं पाणी पुढं सरत नाही, ते मागे तुंबतं. आवाज नाही, लाट नाही, पाणी संथ दिसतं आणि खोली मात्र पुरुषभर झालेली असते. त्यात काठाची चिकणमाती. बैलाचा असो की घोड्याचा, खूर धरत नाही. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की परतायचं. बंडी असली तरी, मोटारसायकल असली तरी, आणि ट्रॅक्टरवाल्याने तर दुप्पट लवकर. वावरातून येताना बाया डोक्यावर भारे घेऊन एकमेकींचा हात धरून उतरतात, तेही करू नये. एकीचा पाय सुटला की साखळीच जाते. पलीकडच्या काठच्या ओळखीच्या घरी रात्र काढण्यात कमीपणा नाही.

आता त्या धोंड्यांकडे. टाकळघाट-खापा इथं नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी 1968 च्या सुमारास रीतसर उत्खनन केलं. पुढं माहुरझरी, नायकुंड वगैरे ठिकाणीही झालं. निघालं काय? मेलेल्या माणसांच्या अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याचे लगाम, घोड्यांना घालायचे तांब्याचे साज. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. ही माणसं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं ते साधारण याच काळात, इ. स. पू. 586 च्या आसपास. त्यांच्या वस्त्यांच्या मातीत जळके दाणे मिळाले: तांदूळ, गहू, जव, मसूर, वाटाणा. खरीप आणि रब्बी दोन्ही. म्हणजे ते आपल्यासारखेच, दोन हंगामांवर जगणारे कास्तकार होते.

त्यांची एक अक्कल मला फार आवडते. वर्तुळं बहुतेक करून बरडावर, मुरमावर आहेत. मेलेल्यांना त्यांनी पड जमीन दिली आणि कसदार काळी पिकासाठी राखली. जमिनीची प्रतवारी त्यांना कुणी विस्तार अधिकाऱ्याने शिकवली नव्हती.

आणि नेमकी हीच बरडं आज उठताहेत. मुरूम रस्त्याला जातो, धोंडा खडीच्या यंत्रात जातो, उरलेल्यावर प्लॉट पडतात. जुनापाणीसारखी काही ठिकाणं केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केली आहेत. तिथं हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. पण सगळी वर्तुळं त्या यादीत नाहीत. कित्येक तुमच्या-माझ्या धुऱ्याला लागून आहेत, आणि त्यांचा राखणदार शेतकऱ्यावाचून दुसरा नाही.

बरेच जण वर्तुळ फोडतात ते धनाच्या आशेने. सांगून ठेवतो, उत्खननात सोन्याचे हंडे निघालेले नाहीत. निघतं ते गंजलेलं लोखंड आणि खापरं. अमावस्येला नारळ फोडून पैसे उकळणाऱ्याच्या नादी लागू नका. शिवाय 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. लपवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर मात्र सापडवणाऱ्याचा हक्क कायद्याने मानला आहे.

तुमच्या शेतात असं वर्तुळ असेल तर वखर त्याच्या बाहेरून फिरवा. सपाटीकरणाला किंवा शेततळ्याला यंत्र बोलावलं असेल तर चालकाला आधीच जागा दाखवून ठेवा, कारण तो रात्री काम करतो. शेततळं पन्नास हात बाजूला सरकवल्याने पाण्यात फरक पडत नाही. तहसील कार्यालयात किंवा नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयात गट नंबर घालून साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. गावच्या शिक्षकांना सांगून पोरांना एकदा तिथं न्या. दिवस हिवाळ्याचा धरा, पावसाळ्याचा नको.

टाकळघाटला जायचं तर बुटीबोरीहून वाट आहे. गाव औद्योगिक वसाहतीला चिकटत आलंय.

पुढच्या अंकात हरभऱ्याच्या मर रोगाविषयी. बियाणं घरचं वापरणार असाल तर तोवर ते निवडून ठेवा.