साथसंगतीला क्रेडिट द्या

प्रति,
मा. कुलगुरू व विद्यापरिषद, गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली;
संबंधित अभ्यास मंडळांचे सदस्य;
आणि ब्रह्मपुरीतील महाविद्यालयांचे प्राचार्य



भाऊबीज झाली की आपल्या भागात काय सुरू होतं, हे तुम्हाला सांगायला नको. वडशातल्या नाट्यकंपन्यांच्या कार्यालयांत गावोगावची मंडळं तारखा घेऊन बसतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि हे थेट होळीच्या आसपासपर्यंत. २०२३ मध्ये नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचा अभिमान आपण सगळ्यांनीच मिरवला. माझं मागणं मात्र सत्काराचं नाही. ते अभ्यासक्रमाचं आहे, आणि त्यातही नटांपेक्षा रंगमंचासमोर वाद्यं घेऊन बसणाऱ्यांचं आणि मंचामागे तारा ओढणाऱ्यांचं आहे.

संगीताचं शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा विद्यार्थी येतो. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा असोत की पदवीचा पेपर, परीक्षकासमोर एकट्याने बसायचं, राग मांडायचा, ताल हातावर धरून दाखवायचा. ही तालीम हवीच, तिला माझा विरोध नाही. पण झाडीपट्टीच्या ऑर्गनवाल्याला रात्रभर जे करावं लागतं, ते या परीक्षेत कुठेच मोजलं जात नाही. नाटकाच्या तालमी फार होत नाहीत, प्रॉम्प्टरच्या भरवशावर प्रयोग उभा राहतो. नट वाक्य पुढे-मागे करतो, टाळी पडली तर तेच वाक्य पुन्हा घेतो. गाणं नेमकं कुठून उचलायचं, हे वादकाने संवादाच्या लयीवरून ओळखायचं. नायक काळी एकमध्ये गाणारा, नायिका काळी चारमध्ये. द्वंद्वगीत आलं की मधल्या चार मात्रांत सगळ्या ताफ्याने एकत्र वळायचं. ढोलक, तबला, ऑक्टोपॅड यांपैकी कोणी कधी गप्प बसायचं, हेही ठरवायचं. माझ्या मते गप्प बसणं हे यातलं सर्वात अवघड कौशल्य आहे. विशारद झालेला मुलगा पहिल्याच रात्री गोंधळतो तो इथे.

युवक महोत्सवात लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते, असं कोणी म्हणेल. असते, आणि आपली मुलं त्यात जीव ओतून वाजवतात. पण तो ताफा स्पर्धेपुरता जमतो आणि निकालानंतर विखुरतो. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत वाद्यवृंदात सत्रभर बसणं हाच एक विषय असतो आणि त्याचे क्रेडिट मिळतात. तेवढ्या लांब जायचं नसेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहेच. लोककलावंताची विद्या विद्यापीठाच्या आवारात शिकवता येते, हे तिने दाखवलं आहे.

आता तंत्राकडे येतो. उघड्या मैदानात रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीने तबल्याची पुडी आणि लोकांचे गळे दोन्ही बदलतात. माईक शिट्टी मारतो, जनरेटर दम टाकतो, तात्पुरत्या जोडणीवर अख्ख्या मंचाचे दिवे असतात आणि खाली दवाने ओलं झालेलं गवत. अर्थिंग नीट आहे का, हा प्रश्न इथे जिवाचा असतो. हे काम करणारी पोरं पाहून-पाहून शिकलेली आहेत आणि त्यांच्या हुशारीला तोड नाही. पण पाहून शिकताना शॉकही पाहूनच शिकावा, असं कशाला? ब्रह्मपुरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. वीजजोडणीचं शास्त्र तिथे शिकवलं जातं, नाटकाचा मंडप तिथून हाकेच्या अंतरावर पडतो, आणि दोघांची ओळख नाही.

एक आडवळण घेतो. ऑर्गन हे बालगंधर्वांच्या काळी मराठी संगीत नाटकाने आपलंसं केलेलं वाद्य. शहरांच्या रंगमंचावर आता ते क्वचित दिसतं, आपल्याकडे ते अजून राबतं. भाता फाटला, सूरपट्टी बसली, तर दुरुस्त करणारे हात मोजकेच. पावसाळ्यात, हंगाम बंद असताना, वाद्यदुरुस्तीचा एक छोटा कौशल्य अभ्यासक्रम चालला तर त्यातून दोन-चार जणांचं पोटही चालेल.

हे सगळं बसवायला नवा कायदा लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये क्रेडिटची जी चौकट आणली, तिच्यात कौशल्य अभ्यासक्रम आहेत, सहअभ्यासक्रम आहेत, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सत्रात तीस तास, म्हणजे दोन क्रेडिटला साठ. आपलं दुसरं सत्र आणि नाटकांचा हंगाम जवळजवळ एकाच काळात येतात. कॅलेंडरनेच सोय करून ठेवली आहे. मूल्यमापन प्रयोगात व्हावं, बंद खोलीत नको. आणि गुण एकेकट्याला देतानाच काही गुण ताफ्याला मिळून द्यावेत, म्हणजे शेजारच्याचं वाजणं ऐकायची सवय लागेल.

शिकवणार कोण, हा खरा पेच. नेट-सेटची अट घातली तर मैदानावर तीस वर्षं वाजवणारा माणूस दारातच अडेल. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये व्यवसायातल्या अनुभवी माणसांना प्राध्यापक म्हणून बोलावण्याची वाट मोकळी केली. तिथे पदवीपेक्षा किमान पंधरा वर्षांचा अनुभव पाहिला जातो. ती वाट उद्योगातल्या साहेबांपुरती ठेवू नका. ढोलकवाल्यालाही तिच्यावरून येऊ द्या, आणि त्याला मानधन वेळेवर द्या. शाल-श्रीफळावर काम भागवू नका.

तीन गोष्टींची धास्ती मलाही वाटते. प्रशिक्षणाच्या नावाखाली कंपन्यांना फुकटची पोरं मिळता कामा नयेत. रात्रीच्या कामाचा मोबदला लेखी करारात हवा. मुलींच्या जाण्या-येण्याची, मुक्कामाची जबाबदारी महाविद्यालयाने घेतली नाही तर हा विषय मुलांपुरताच उरेल. आणि उद्या प्रमाणपत्र नाही म्हणून कुणा जुन्या वादकाला मंचावरून उठवलं जाणार असेल, तर हा अभ्यासक्रम न आलेलाच बरा.

तेव्हा विनंती एवढीच की, यंदाच्या हंगामात अभ्यास मंडळाची एक बैठक वडशात घ्या. ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. कंपनीमालक, वादक, साउंडवाले यांना टेबलाशी बसवा आणि मसुदा त्यांच्यासमोर वाचा. रात्री प्रयोगाला थांबा. गावचं मंडळ तुम्हाला पुढच्या सोफ्यावर बसवेल. एखादा अंक तरी सोफा सोडून वादकांच्या बाजूला बसा.

आपला,
ब्रह्मपुरीचा एक प्रेक्षक