‘उत्तीर्ण’ हा शेरा आणि डिस्कचे गुण

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपुरास स्थायिक झालेले एक वृद्ध गृहस्थ जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आमच्या शाळेत आले. त्यांचे प्राथमिक शिक्षण आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातच, आणि तेही १९५६ पूर्वी झालेले. म्हणजे नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती त्या काळात. त्या वर्षांच्या दाखल-खारिज रजिस्टराची बरीच पाने वाळवीने खाल्ली होती. तरी मी निश्चिंत होतो. वाळवी लागण्यापूर्वीच सर्व पानांची छायाचित्रे काढून आम्ही ती एका हार्ड डिस्कमध्ये ठेवली होती. डिस्क संगणकास जोडली. ती फिरू लागली, थोडी टकटकली आणि गप्प झाली. गृहस्थ दोन तास बाकावर बसून राहिले व रिकाम्या हाताने परत गेले.

चूक माझीच होती. महिन्यापूर्वीच मी त्या डिस्कची तपासणी केली होती आणि पडद्यावर ‘पास्ड’ हा शब्द पाहून समाधानाने चहा घेतला होता. निदान मुख्याध्यापकाने तरी असे करावयास नको होते! प्रगतिपत्रकावरील ‘उत्तीर्ण’ शेऱ्याखाली गणिताचे गुण पस्तीस आहेत की नव्वद, ते पाहा, असे मी पालकांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

वाचकहो, आपल्याही घरी लग्नकार्यांची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या, शेताचे कागद अशाच एखाद्या डिस्कवर असतील. तिच्या पोटात चकचकीत तबकड्या मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि वाचणारे शीर्ष त्यांस न टेकता, केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. तबकडीवर मजकुराचे बारीक कप्पे असतात. त्यांस सेक्टर म्हणतात. एखादा कप्पा निकामी झाला की डिस्क त्याच्या जागी राखीव कप्पा घेते आणि आपणास काही न कळविता स्वतःच्या वहीत नोंद करते. या वहीचे नाव ‘स्मार्ट’.

ती वाचण्याचा सरळ मार्ग म्हणजे आज्ञा टंकणे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फिजिकलडिस्क’ असे टंकल्यास केवळ शेरा मिळतो. गुण पाहावयाचे तर ‘स्मार्टमॉनटूल्स’ ही विनामूल्य सामग्री घ्यावी. ती लिनक्सवरही चालते. आज्ञांची खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडून प्रथम ‘स्मार्टसीटीएल’, मग जागा सोडून दोन आडव्या रेघा व ‘स्कॅन’ असे लिहावे. जोडलेल्या डिस्कांची नावे दिसतील. नंतर ‘स्मार्टसीटीएल’, जागा, एक आडवी रेघ व तिला लागून मोठ्या लिपीतील ‘ए’, पुन्हा जागा आणि डिस्कचे नाव. घरातील एखादा नातू शेजारी बसवून घेतल्यास हे पाच मिनिटांचे काम आहे.

पडद्यावर लांबलचक तक्ता येईल. त्यास घाबरू नये. क्रमांक ५, १९७ आणि १९८ या तीन ओळी शोधाव्या व प्रत्येकीचा अगदी शेवटचा आकडा वाचावा. ५ म्हणजे बदललेले कप्पे, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेले, १९८ म्हणजे दुरुस्तीपलीकडचे. तिन्ही ठिकाणी शून्य असावे. लहानसा आकडा महिनोन्महिने स्थिर असेल तर लक्ष ठेवावे. तो वाढत असेल तर त्याच दिवशी मजकुराची प्रत करावी. दीर्घ चाचणी किंवा ‘चेकडिस्क’ यांच्या नादी आधी लागू नये, कारण आजारी डिस्कला साऱ्या तबकड्यांवरून फिरविण्यात तिचा उरलेला श्वास खर्ची पडतो.

मग शेरा ‘पास्ड’ कसा येतो? उत्पादकाने ठरविलेली किमान मर्यादा ओलांडली जाईपर्यंत तो तसाच राहतो, आणि ही मर्यादा फारच उदार असते. त्या दिवशीचा तक्ता मी जपून ठेवला होता. शेऱ्याच्या खालीच १९७ पुढे ११२ हा आकडा होता.

परंतु शून्यावरही फार विसंबू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान वगळता, कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. (आमच्याकडील उन्हाळ्यास दोष देणाऱ्यांनी हेही ऐकावे, की वाढत्या तापमानाबरोबर डिस्का अधिक बंद पडतात असे त्यांना सरसकट आढळले नाही.) म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि शक्य तर दुसऱ्या घरात. तबकड्या नसलेल्या नव्या एसएसडीचा तक्ता वेगळा असतो; त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

शाळेच्या रजिस्टराची उरलेली पाने आम्ही पुन्हा छायाचित्रित केली. त्यांच्या तीन प्रती आहेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ते तीन आकडे वहीत उतरवितो. वाळवीने खाल्लेली एकेचाळीस पाने मात्र कायमची गेली. त्या गृहस्थांचे नाव त्यांतच असावे.