रिवाजासमोर कॅमेरा

वर्षातून एखाददुसरा चित्रपट पाहणारा माणूस त्याविषयी उत्साहाने बोलतो, समीक्षक जबाबदारीने बोलतो, आणि नेमाने चित्रपटगृहाची पायरी चढणारा माझ्यासारखा माणूस बहुधा तक्रारीच्या सुरात बोलतो. कारण आपल्या व्यसनाच्या दर्जाविषयी व्यसनी माणसाला जेवढी आस्था असते तेवढी इतर कोणाला असण्याचे कारण नाही. तरीही अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांची मनाशी मोजदाद करावयास बसलो तेव्हा असे ध्यानात आले की, जे चित्रपट घरी परतल्यावरही मनातून हलावयास तयार नव्हते, ते सारे कोणत्या ना कोणत्या रूढ रिवाजासमोर कॅमेरा मांडून, त्याची आरती न ओवाळता आणि त्यास काठीही न उगारता, नुसते शांतपणे पाहत बसलेले होते. ही गोष्ट वाटते तितकी मामुली नाही. आपल्या चित्रपटाने रिवाजाशी आजवर बहुधा दोनच प्रकारचे संबंध ठेवले: एक भक्ताचा, ज्यात सण, व्रत, हळदीकुंकू आणि लग्नघर यांची रंगीत आरास मांडली जाते, आणि दुसरा फिर्यादीचा, ज्यात शेवटच्या रिळात नायक सर्व गावास उभे करून व्याख्यान देतो. बघ्याचा संबंध, जो खरे तर कॅमेऱ्याचा स्वभावधर्म आहे, तो मात्र फार थोड्यांनी राखला.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये नेटपॅक पुरस्कार मिळवून बसला होता. आमच्याकडे तो पोहोचला ७ मार्च २०२५ रोजी, महिला दिनाच्या आदल्या दिवशी. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव, तेथील कापूस पिकविणाऱ्या वांढरे यांचे घर, आणि त्या घरातील सविता नावाची, महाविद्यालयात शिकणारी, सावळ्या रंगाची मुलगी, एवढाच या चित्रपटाचा ऐवज. आरंभी एक स्वप्न आहे: बायका ओळीने खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि समोर खाली मान घालून बसलेल्या मुलास त्या त्याचे नाव, शिक्षण, छंद विचारीत आहेत. प्रेक्षक हसतात, मीही हसलो. मग सविता जागी होते आणि तोच प्रसंग उलट बाजूने, म्हणजे आपल्या ओळखीच्या बाजूने, सुरू होतो. पाहुणे येतात, ओळीने बसतात, मुलगी तबक घेऊन येते, बसावयास सांगितल्यावर बसते, आणि प्रश्नांचा तोफखाना सुरू होतो. पुरुष विचारीत आहेत, कॅमेरा मुलीच्या समोर अढळ आहे. ती उठून आत गेल्यावर तिच्या उंचीची आणि वर्णाची जी चर्चा चालते तीत कोणाचा आवाजही चढत नाही; बाजारात वाण तपासावा तितक्या सहजतेने ती होते.

सोमलकरांचे खरे धाडस पुढे आहे. हाच प्रसंग ते पुन्हा घडवितात, आणि पुन्हा, आणि आणखी एकदा. पाहुणे बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. पहिल्या खेपेस जो प्रेक्षक हसतो तो दुसऱ्या खेपेस स्मित करतो, आणि पुढच्या खेपेस त्याला खुर्चीत अवघडल्यासारखे होते. कारण तोवर त्याच्या ध्यानात आलेले असते की, हे प्रश्न त्याला पाठ आहेत आणि ते त्याने चित्रपटात ऐकून पाठ केलेले नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी तर पाहुण्याने तोंड उघडण्यापूर्वीच पुढचा प्रश्न हळूच उच्चारला आणि आपल्या मुलीकडे पाहून त्या ओशाळवाण्या हसल्या. पडद्यावरील मंडळी बहुतांशी त्याच मुलखातील, अभिनयाचा पूर्वानुभव नसलेली. त्यांची बोलीही चंद्रपूरकडची, पुण्यामुंबईच्या प्रेक्षकासाठी धुऊन इस्त्री न केलेली. नंदिनी चिकटे या मुलीने सविताचे काम करताना जी स्तब्धता राखली आहे ती मुरब्बी नटीलाही सहज साधत नाही. कापसाला भाव नाही म्हणून बापाच्या हाती पैसा नाही, पैसा नाही म्हणून हुंडा नाही, आणि हुंडा नाही म्हणून स्थळ नाही, ही साखळी कोणी पात्र समजावून सांगत नाही. ती घराच्या कोपऱ्यातल्या कापसाच्या ढिगाकडे पाहून आपोआप उमगते.

हा चित्रपट पाहताना मला ‘कुंकू’ आठवणे अपरिहार्य होते. प्रभातने १९३७ मध्ये काढलेला, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला तो चित्रपट. फसवणुकीने वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधली गेलेली शांता आप्टे यांची नीरा त्या विवाहास विवाह मानण्याचेच नाकारते. दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत वापरले नाही. घरातले, रस्त्यातले जे आवाज असतील तेवढ्यावर भागविले, आणि त्या वाड्यातील भिंतीवरच्या घड्याळास जवळजवळ एका पात्राचा दर्जा दिला. नीरा बोलते, भांडते, कडकडून विरोध करते. सविताला तितके बोलण्याची मुभा नाही, आणि तिच्या काळात फसवणुकीचीही गरज उरलेली नाही. सर्व काही संमतीने, पोहे खात, हसतमुखाने चालते. दोघींच्या मध्ये जवळजवळ नऊ दशके आहेत आणि मला सविताचीच परिस्थिती अधिक बिकट वाटली, हे नमूद करताना माझ्यातला सुधारणावादी माणूस बराच अस्वस्थ आहे.

पार्श्वसंगीतावाचून चित्रपट उभा राहतो, हे नव्याने सिद्ध केले ते रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात २०२५ च्या आरंभी परदेशी कथापटांच्या विभागातील ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटास मिळाला, आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर आईसह गावी येतो आणि दहा दिवसांच्या सुतकात अडकतो. पायांत वहाण घालावयाची नाही, चहात दूध नको, हे चालत नाही, ते वर्ज्य आहे, असे हुकूम घरातील वडीलधारी मंडळी सोडीत असतात. आणि त्याबरोबरच, घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्नकार्य उरकून घ्यावे अशी जी आपल्याकडील वहिवाट, तिला अनुसरून त्याच्या लग्नाची बोलणीही सुरू होतात. आनंदला स्त्रीशी लग्न करावयाचे नाही. त्याची ओढ पुरुषाकडे आहे. हे त्याच्या आईस ठाऊक आहे, आणि तिने ते कोणताही गाजावाजा न करता स्वीकारलेले आहे. गावात त्याचा बालमित्र बाळ्या आहे, त्याच्याही घरी हाच तगादा आहे.

येथे मला जे विशेष वाटले ते असे की, जो रिवाज ‘स्थळ’मध्ये सापळा आहे तोच येथे काहीसा आडोसा होतो. सुतकाने आनंदला दहा दिवस कामावरून, शहरातून, धावपळीतून सोडविले आहे. त्याला बसून राहण्याचा परवाना मिळाला आहे. दुपारी माळावर शेळ्या चरत असता दोन माणसे झाडाखाली पडून आहेत, फारसे बोलत नाहीत, आणि कॅमेऱ्यासही कोठे जावयाचे नाही. चौकटीचे कोपरे जुन्या छायाचित्रासारखे गोलावलेले आहेत. निवडुंगाची लालचुटूक बोंडे बाळ्या मित्रासाठी आणतो. ज्यांनी लहानपणी माळावर ती खाल्ली असतील त्यांस त्यावरची बारीक कुसे बोटात शिरली म्हणजे दोन-दोन दिवस कशी छळतात हे सांगावयास नको, आणि ती काढून देणे हे केवढे प्रेमाचे काम आहे हेही सांगावयास नको. भूषण मनोज आणि सूरज सुमन या दोघांचे काम उत्तम. पण खरी शाबासकी आईची भूमिका करणाऱ्या जयश्री जगताप यांस. नातेवाइकांच्या भोचक चौकशांना त्या ज्या शांतपणे सबबी पुढे करतात, त्यात एका आईने वर्षानुवर्षे चालविलेली पहारेकऱ्याची नोकरी दिसते.

तक्रार आहे ती चित्रपटाविषयी नव्हे. ज्या चित्रपटगृहात मी हा खेळ पाहिला, तेथील चालकांनी मध्यंतर नावाची जी कुऱ्हाड चालविली तिला क्षमा नाही. दिग्दर्शकाने जेथे विराम योजिलेला नाही तेथे, वाक्य तोंडात असतानाच, चित्र थांबविण्यात आले, दिवे लागले, आणि सुतक चालू असलेल्या त्या घरावर सोन्याच्या दागिन्यांची आणि सुगंधी मसाल्याची जाहिरात कोसळली. मक्याच्या लाह्या विकल्या गेल्याखेरीज चित्रपटगृहाचा संसार चालत नाही, हे मी जाणतो. परंतु निदान प्रसंग तरी संपू द्यावा, एवढी विनंती करण्याचा हक्क तिकिटाच्या आजच्या दरात समाविष्ट असावा असे वाटते.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ हा आपल्याकडे या दोघांच्या आधी लागलेला. त्यास २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला, आणि तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत उतरला म्हणून वृत्तपत्रांनी पुष्कळ शाई खर्च केली. दिग्दर्शिका शिकल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे ‘कुंकू’ जेथे निर्माण झाला त्या प्रभातच्याच आवारात; यातून कोणताही निष्कर्ष न काढता मी ते केवळ स्वतःच्या समाधानासाठी येथे लिहितो. दोन मल्याळी परिचारिका आणि त्यांच्याच इस्पितळातील स्वयंपाकीण पार्वती यांची ती कथा. त्यांपैकी पार्वतीचीच हकीगत मराठी प्रेक्षकाच्या काळजाला थेट भिडते, आणि ती छाया कदम यांनी केली आहे. मुंबईत इतकी वर्षे काढलेली ही विधवा ज्या खोलीत राहते ती पाडून बिल्डरास मनोरा उठवावयाचा आहे, आणि तिच्याजवळ त्या खोलीचा एकही दस्तऐवज नाही. नवऱ्याने काय कोठे ठेवले हे ठाऊक नाही. पावती नाही, करार नाही. वकील ऐकून घेतो, पण कागदावाचून त्याचाही इलाज चालत नाही. हा शहराचा रिवाज. गावाकडे निदान चार जुनी माणसे साक्ष देतात की अमुक बाई येथेच राहत होती. शहरात माणूस राहिला होता की नाही हे कागद ठरवितो. रात्री ती आणि त्या परिचारिकांपैकी प्रभा त्या बिल्डरच्या झगमगीत फलकावर दगड मारतात, तेव्हा छायाबाईंच्या तोंडावर जो पोरकट, मोकळा आनंद उमटतो, तेवढ्या एका क्षणासाठी मी संपूर्ण चित्रपट पुन्हा पाहिला. पुढे ती रत्नागिरीकडील आपल्या गावी परतते. तेथला भाग काही प्रेक्षकांस संथ वाटला म्हणतात. मला तो आवश्यक वाटला, यापलीकडे वाद घालण्याची इच्छा नाही.

राहिला ‘दशावतार’. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी आला, आणि वरील बाकीच्या तीन नव्या चित्रपटांच्या मिळून प्रेक्षकांपेक्षा अधिक प्रेक्षक आपल्याकडे एकट्या त्याने खेचले, असे चित्रपटगृहाबाहेरील गर्दी पाहता म्हणावयास हरकत नाही. दृष्टी अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट, त्याला आता हे थांबवा म्हणणारा मुलगा, आणि कोकणच्या रानावर डोळा ठेवून असलेले खाणवाले. बाबुली झाले आहेत दिलीप प्रभावळकर, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. ज्यांनी ‘हसवाफसवी’त सहा भूमिका एकाच रात्री केल्या त्यांना अवतार पालटण्याचे कौतुक ते काय, परंतु पूर्वार्धात ते जे करतात ते अवतार पालटणे नव्हे. कोकणात जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात चालणारा दशावताराचा हा खेळ लिखित संहितेवाचून, पायपेटी आणि मृदंगाच्या साथीवर, पहाटेपर्यंत चालतो. राजा, राक्षस, देव आणि स्त्रीपात्रेही पुरुषच होतात, आणि आपला रंग आपणच चेहऱ्यावर चढवितात. हाती आरसा घेऊन, मंदावलेल्या डोळ्यांनी, बोटांच्या सवयीवर विसंबून रंग लावणारा बाबुली जेव्हा दिसतो तेव्हा प्रभावळकरांची बोटे त्या चेहऱ्यावर जी वाट काढतात ती एका नटाची नसून एका पिढीजात कारागिराची आहे. तेवढा वेळ कॅमेरा बघ्या आहे आणि मी तृप्त आहे.

उत्तरार्धात चित्रपटाचा धीर सुटतो. त्याला आता न्याय द्यावयाचा आहे, तोही ताबडतोब आणि ढोल वाजवून. अवतार हे सुडाचे वेष होतात, खाणवाले हे खाणवाले न राहता नाटकातले राक्षस होतात, आणि ज्या संगीताची पूर्वार्धात कोणास आठवण झाली नव्हती ते कानठळ्या बसवू लागते. त्याच्या बाजूने असे म्हणता येईल की दशावतारात राक्षसाचा वध होतोच, तेव्हा चित्रपटानेही तीच रीत पाळली. हा युक्तिवाद मला एका मित्राने मध्यंतरात, बटाटेवडा हाती धरून, मोठ्या हिरिरीने ऐकविला, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. फक्त देवळासमोर खेळातला राक्षस संकासुर मेला तर तो पुढच्या जत्रेस पुन्हा उभा राहतो, हे खेळणाऱ्यास आणि पाहणाऱ्यास दोघांसही ठाऊक असते. चित्रपटातील खाण मात्र कायमची बंद झाल्यासारखी प्रेक्षक टाळ्या पिटून घरी जातो. सभोवतालची मंडळी शिट्ट्या वाजवीत होती, पुढच्या रांगेतील एक आजोबा डोळे पुशीत होते, आणि माझे मत त्या सभागृहात सपशेल अल्पमतात होते. या धंद्याच्या यशावरून निर्मातेमंडळी बहुधा ढोलांचा आकार वाढविण्याचा धडा घेतील. पण पूर्वार्धातील त्या रंगभूषेसाठी मी आणखी एक तिकीट काढणार आहे. आणि मध्यंतराचे दिवे लागताच बाहेर पडलो, तर द्वारपालाने त्यास हरकत घेऊ नये.