बैल पारखून, कारखाना डोळे मिटून

आठवड्याच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो, मग खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर त्यास गाडीला जुंपून चार पावले चालवून पाहतो. विकणाऱ्यास याचा राग येत नाही. उलट जनावर चालवून दाखविण्यास जो कुरकुर करतो त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आमच्या आतील पानांवर अलीकडे बंद पडलेल्या कारखान्यांच्या विक्रीच्या नोटिसा वरचेवर प्रसिद्ध होतात. त्यांतील एक वाक्य वाचकांच्याही परिचयाचे झाले असेल : मालमत्ता ‘जशी आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकली जाईल. ज्या अटीवर कोणी म्हातारा बैलही घेणार नाही, त्या अटीवर बॉयलर, रसायनांच्या टाक्या व मैलोगणती नळ यांचे कोट्यवधींचे व्यवहार होतात. या नोटिसा आम्ही छापतो व त्यांचे पैसे घेतो. तेव्हा त्यांविषयी बोलण्याचे कर्तव्यही आमच्याकडे येते.

खरेदीपूर्वी काहीच तपासले जात नाही असे नाही. वकील सात-बारा व करारनामे तपासतात, हिशेबनीस वह्या तपासतात, बँका तारण तपासतात. टाकीच्या पत्र्याची जाडी किती उरली आहे, सुरक्षा-झडपेची चाचणी शेवटी केव्हा झाली, नकाशातील नळ आणि प्रत्यक्षातील नळ एकच आहेत काय, कारखान्याखालच्या जमिनीत गेल्या तीस वर्षांत काय मुरले आहे, हे प्रश्न मात्र किंमत ठरून गेल्यावर निघतात. आम्ही स्वतः कला शाखेचे. बॉयलर आणि कंडेन्सर यांतील भेद आम्हांस विचारूनच कळतो. परंतु किंमत ठरल्यावर केलेली पारख ही पारख नव्हे, एवढे समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही.

आपल्याच कोकणातील उदाहरण घ्यावे. गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, दराच्या वादात मे २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे काम अर्धवट राहिले. २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन व गेल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीने तो ताब्यात घेतला. चार-पाच पावसाळे ती अवजड यंत्रे खाऱ्या वाऱ्यात उभी होती. २००६ मध्ये, तेही मूळ योजनेतील वायूऐवजी नाफ्त्यावर, वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. पण पुढील काही वर्षे टर्बाइने वारंवार नादुरुस्त होत राहिली आणि १,९६७ मेगावॅटचे केंद्र सुरळीत चालले असे सांगण्याचे दिवस थोडेच आले. द्रवरूप वायूची जहाजे ज्या धक्क्याला लागावयाची त्याचा लाटारोधक बंधारा अपुरा होता. धक्का व टाक्या वापरात येण्यास २०१३ साल उजाडले. त्यानंतरही कित्येक वर्षे, बंधारा पुरा नसल्यामुळे, पावसाळ्यात जहाज लागू शकत नव्हते. हा अपुरा बंधारा पाहण्यासाठी इंजिनिअरचीही गरज नव्हती. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या कोळ्यालाही तो दिसत होता. तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही असे आम्ही म्हणणार नाही. बँकांचा पैसा अडकला होता, राज्यात विजेची टंचाई होती आणि प्रकल्प कोणीतरी उचलणे भाग होते, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु दोष ठाऊक असणे निराळे आणि त्याच्या दुरुस्तीस लागणारी वर्षे व रुपये किमतीत धरणे निराळे. दाभोळला जी तूट आली ती कोणा धनिकाच्या खिशातून गेली नाही. ती वीजग्राहकाने व करदात्याने सोसली.

खाजगी खरेदीदार अधिक सावध असतो असेही दिसत नाही. जपानच्या दाइइची सांक्यो कंपनीने रॅनबॅक्सी विकत घेण्याचा करार जून २००८ मध्ये केला; एकंदर रक्कम सुमारे ४६० कोटी डॉलर. सप्टेंबरमध्ये, व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने देवास व पाओंटा साहिब येथील कारखान्यांतून येणारी तीसहून अधिक औषधे आपल्या देशात येण्यास अटकाव केला. २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी शाखेने तेथील न्यायालयात गुन्हे कबूल केले व कंपनीने ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. विकणाऱ्या बंधूंनी महत्त्वाची माहिती दडविली, असा निर्णय सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये दिला आणि सुमारे २,५६२ कोटी रुपयांची भरपाई ठरविली. फसवणूक ती फसवणूकच. तरीही पाओंटा साहिबच्या कारखान्याविषयी अमेरिकी प्रशासनाने जून २००६ मध्येच इशाऱ्याचे पत्र दिले होते आणि ते गुप्त नव्हते. प्रयोगशाळेतील नोंदवह्या उघडून, काम करणाऱ्यांशेजारी महिनाभर बसणारे चार अनुभवी रसायनज्ञ त्या व्यवहारात कोठे होते, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

निदान त्या खरेदीदाराला लवादाकडे जाता आले. कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्याला कोणताही करार नसतो. विशाखापट्टणमचा पॉलिमर कारखाना १९६१ साली उभा राहिला, १९७८ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाला व १९९७ मध्ये कोरियातील एल.जी. समूहाकडे गेला. ७ मे २०२० च्या पहाटे तेथील स्टायरिनच्या जुन्या टाकीतून वायू सुटला व बारा माणसे दगावली. सरकारी समितीला आढळले ते असे : तापमान मोजण्याची सोय टाकीच्या केवळ तळाशी होती, वरच्या थरात काय चालले आहे ते कळत नव्हते आणि डिसेंबर २०१९ मध्ये नळांत केलेल्या बदलामुळे टाकीतील द्रव नीट फिरत नव्हता. तेवीस वर्षांनंतरच्या अपघाताचे खापर खरेदीच्या दिवसावर फोडणे न्यायाचे होणार नाही. पण टाकीची घडण कशी, कोणता नळ कोणी केव्हा बदलला, याचा इतिहास जेथे लिहून एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, तेथे तो फक्त माणसांच्या डोक्यात राहतो. आणि कारखाना विकताना पहिली काट बसते ती त्याच माणसांवर. वीस वर्षे एका झडपेपाशी उभा राहिलेला फोरमन स्वेच्छानिवृत्तीचा धनादेश घेऊन गावी जातो. ती झडप उलटी फिरते हे नव्या मालकाला कोण सांगणार? मूल्यांकनाच्या तक्त्यात त्या फोरमनसाठी रकाना नसतो.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने बुडालेले उद्योग नव्या हाती जाण्याचा मार्ग मोकळा केला, हे तिचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. मात्र तिच्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यनिर्धारक येतात, मालमत्ता प्रत्यक्ष पाहतात आणि रास्त मूल्य व मोडीचे मूल्य सांगतात. यंत्र किती रुपयांचे, हे त्यांनी सांगावयाचे. ते चालविणे धोक्याचे आहे काय, हे त्यांस कोणी विचारीत नाही. २०२० च्या दुरुस्तीतील कलम ३२-अ ने तर पूर्वीच्या मालकाशी संबंध नसलेल्या नव्या हाती गेलेल्या कंपनीस मागील गुन्ह्यांच्या खटल्यांतून मुक्त केले. या सवलतीवाचून कोणी पुढे आले नसते, हा युक्तिवाद आम्ही समजू शकतो. परंतु खटला कागदावर पुसला जातो. टाकीचा गंज पुसला जात नाही.

आमची मागणी मोठी नाही. धोकादायक रसायने वा उच्च दाबाची यंत्रे असलेला कारखाना हस्तांतरित होण्यापूर्वी, विकणारा, घेणारा व कर्ज देणारी बँक यांपैकी कोणाशीही हितसंबंध नसलेल्या इंजिनिअरांकडून त्याची तपासणी सक्तीची व्हावी. जुन्या कामगारांच्या जबान्या त्या अहवालात असाव्यात. त्याची एक प्रत राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावी आणि मराठी गोषवारा लगतच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लावावा. बँका म्हणतील, याने विलंब होईल व किंमत उतरेल. विलंब दोन-तीन महिन्यांचा होईल, तो सोसावा. किंमत उतरली तर ती मुळातच फुगलेली होती असे समजावे. केंद्राने संहितेत बदल करीपर्यंत राज्याने थांबण्याचेही कारण नाही. भाडेपट्ट्याने किंवा विक्रीने ज्यांचे चालक बदलतात अशा सहकारी साखर कारखान्यांच्या आसवन्या व बॉयलर यांपासून महाराष्ट्रालाच हा आरंभ करता येईल. तोवर निदान विक्रीच्या नोटिशीत, ‘जशी आहे, जेथे आहे’ या शब्दांखाली, तांत्रिक तपासणीचा अहवाल कोठे पाहावयास मिळेल ही एक ओळ बँकांनी घालावी. ती ओळ आम्ही मोबदला न घेता छापू.