स्वहस्ते घडविलेले विमान

विमान म्हटले की मोठमोठे कारखाने, शेकडो अभियंते आणि अजस्र यंत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एखाद्या गृहस्थाने दिवसभराचे काम आटोपून घरी यावे, घरामागच्या शेडमध्ये कानस आणि हातोडा घेऊन बसावे, तेथे विमान बांधावे आणि पुढे त्यातच बसून आकाशात जावे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला थट्टेची वाटते. परंतु ती थट्टा नव्हे. अमेरिका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांत अशी विमाने बांधणारी कितीतरी माणसे आहेत. एकट्या अमेरिकेत घरी बांधलेल्या आणि सरकारदरबारी नोंदलेल्या विमानांची संख्या ३०,००० हून अधिक आहे.

या उद्योगाविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, हा केवळ वेडा धाडसीपणा होय. ज्याचे काम त्याने करावे, विमाने कारखान्यांनी बांधावीत. दुसरे म्हणतात, मनुष्याच्या हातांना आणि बुद्धीला याहून मोठे शिक्षण नाही. यांपैकी कोणाचे म्हणणे खरे, हे ठरविण्यापूर्वी ते काम कसे चालते, हे नीट पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट ही, की विमानाचा जन्मच मुळी मोठ्या कारखान्यात झालेला नाही. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट हे बंधू सायकली बनविणारे व दुरुस्त करणारे कारागीर होते. पूर्वीच्या लोकांनी केलेली कोष्टके चुकीची असावीत असा त्यांना संशय आला, तेव्हा १९०१ साली त्यांनी एक लहानशी वातनलिका स्वतःच तयार केली आणि तीत पंखांचे छोटे नमुने ठेवून वाऱ्याचा जोर मोजला. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान प्रथम उडाले ते अवघे १२ सेकंद. अंतर कापले ते १२० फूट. परंतु त्या १२ सेकंदांमागे मोजमाप, चूक आणि पुन्हा मोजमाप यांची कित्येक वर्षे उभी होती.

आज घरी विमान बांधणाऱ्याला राइट बंधूंप्रमाणे सर्वच शोध स्वतः लावावे लागत नाहीत. त्याच्यासाठी संच मिळतात. एके दिवशी मोठाली लाकडी खोकी दाराशी येऊन पडतात. आत असतात ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, पंखांच्या फासळ्या, निरनिराळ्या मापांचे खिळे व बोल्ट आणि आराखड्यांचे जाडजूड बाड. पहिले काही दिवस केवळ भाग मोजून यादीशी ताडून पाहण्यात जातात. पुष्कळसे लोक प्रारंभ शेपटीपासून करतात. कारण ती लहान असते आणि शिकाऊ हाताची चूक तेथे थोडक्यात भागते. मग पंख, मग धड आणि शेवटी इंजिन व दिशा दाखविणारी उपकरणे. एकट्या माणसाला या कामास दीड-दोन हजार तास सहज लागतात. रोज दोन तास काम करणाऱ्याने ते किती वर्षांत पुरे होईल, याचा हिशेब कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल.

या विमानाचा पत्रा जाडीला एक मिलिमीटरही नसतो. असे पत्रे एकमेकांना जोडावयाचे ते रिव्हेटांनी. दोन माणसांच्या विमानात दहा हजारांहून अधिक रिव्हेट असतात. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने रिव्हेटचे डोके ठोकतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा धरतो. त्यामुळे आतले टोक चेपून पसरते आणि पत्रे घट्ट आवळले जातात. ते टोक मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच असावे लागते. कमी ठोकले तर सांधा सैल, अधिक ठोकले तर पत्रा दबला. प्रत्येक भोकाच्या कडेला राहिलेली बारीक धारसुद्धा घासून काढावी लागते. ती राहिली तर विमान हादरत असता तेथूनच सूक्ष्म तडा सुरू होतो आणि पुढे वाढत जातो.

आता अशी कल्पना करावी की रात्रीचे दहा वाजले आहेत. पंखाच्या आतल्या कोपऱ्यातील एक रिव्हेट वाकडा बसला आहे. उद्या वरचा पत्रा बसला की तो कोणालाही, कधीही दिसणार नाही. शेजाऱ्याला दिसणार नाही, मित्राला दिसणार नाही, छायाचित्रात तर मुळीच येणार नाही. तो काढावयाचा तर ड्रिलने हलक्या हाताने पोखरून काढावा लागेल. हात किंचित चुकला तर भोक मोठे होईल आणि काम आणखी वाढेल. दहा हजारांतला हा एक. तो तसाच राहिला तर काय बिघडले, असे मन हळूच सांगू लागते. घरी विमान बांधणाऱ्याची खरी परीक्षा होते ती आकाशात नव्हे, या घटकेला होते.

शाळेच्या वहीतील चूक तांबड्या शाईने दाखविली जाते. परीक्षेतील चुकीचे गुण कापले जातात. परंतु बंद पंखातील चुकीला गुण देणारा कोणी नसतो. तेथे विद्यार्थीही तोच आणि परीक्षकही तोच. अशा वेळी जो उठून ड्रिल हाती घेतो, तो केवळ विमान बांधीत नसतो; स्वतःलाही घडवीत असतो. आपल्या केलेल्या कामाकडे परक्याच्या नजरेने पाहणे, त्यातील दोष निमूटपणे मान्य करणे आणि केलेले उसवून पुन्हा करणे, हे शिक्षण पुस्तकांतून क्वचितच मिळते. हा उद्योग स्तुत्य वाटतो तो मुख्यतः याच कारणासाठी.

तथापि प्रामाणिकपणा असला म्हणजे सर्व साधले, असे समजणेही चुकीचे होय. या बाबतीत आँरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाची हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सामान्य माणसाला घरी बांधता यावे असे एक चिमुकले विमान त्याने १९३३ साली उडविले आणि ते कसे बांधावे याचे पुस्तकही लिहिले. विमानाचे फ्रेंच नाव ‘आकाशातील ऊ’ असे होते. इंग्रजांनी उवेची पिसू केली आणि त्याला ‘उडती पिसू’ म्हटले. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये लोकांना त्याचे अक्षरशः वेड लागले. परंतु लवकरच अपघात होऊ लागले आणि काही चालक प्राणास मुकले. १९३६ साली दोन्ही देशांत ते विमान मोठ्या वातनलिकेत ठेवून तपासण्यात आले, तेव्हा दोष उघडकीस आला. त्याला एकामागे एक असे दोन पंख होते. चालकाने दांडा मागे ओढला म्हणजे पुढचा पंख कलून नाक वर यावे, अशी योजना होती. परंतु नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले असता दोन पंखांच्या फटीतून जाणारा वारा मागच्या पंखाला अधिकच उचलून धरी आणि नाक आणखी खाली जाई. म्हणजे जीव वाचविण्यासाठी चालक जे करी, तेच त्याच्या जिवावर उठे!

ज्यांनी ती विमाने बांधली त्यांच्या सुताकामात खोट होती असे नव्हे. त्यांपैकी कित्येकांनी अत्यंत निष्ठेने काम केले असेल. खोट आराखड्यातच होती आणि ती केवळ उत्साहाला दिसत नव्हती, मोजमापालाच दिसली. पुढे मिन्येने आपला आराखडा सुधारला. यावरून एवढे निश्चित होते, की हाताच्या कौशल्याला तपासणीची जोड नसेल तर ते कौशल्य आंधळे राहते.

विरोधकांच्या हाती दुसराही एक पुरावा आहे आणि तो दडवून ठेवणे उचित नव्हे. अमेरिकेतील अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने २०१२ साली या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील खाजगी व लहान विमानांत घरी बांधलेल्यांचा वाटा सुमारे १० टक्के होता. परंतु २०११ मधील अशा विमानांच्या एकूण अपघातांत तो सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के निघाला. इंजिन बंद पडणे आणि विमानावरचा ताबा सुटणे ही मुख्य कारणे होती. विमानाच्या आयुष्यातील पहिल्या काही उड्डाणांतच पुष्कळ अपघात घडले होते. तसेच दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेणाऱ्याच्या हातूनही, घेतल्यावर थोड्याच काळात, बरेच अपघात झालेले आढळले.

हे आकडे गंभीर आहेत. ते पाहून कोणी म्हणेल, की मग हा उद्योग बंदच करावा. परंतु आकड्यांचा अर्थ तसा निघत नाही. अपघात कोठे होतात हे कळले म्हणजे सावधगिरी कोठे बाळगावी हेही कळते. म्हणूनच सुज्ञ देशांनी या कामाला बंदी घातली नाही; शिस्त घातली. इंग्लंडात पंख बंद करण्यापूर्वी आतले काम निरीक्षकाला दाखवावे लागते. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्यांनीच केलेले असावे लागते. विमान तयार झाल्यावर सामान्यतः २५ किंवा ४० तास नेमून दिलेल्या प्रदेशातच, प्रवासी न घेता, उडवून पाहावे लागते. त्या विमानावर ‘प्रायोगिक’ असा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. बसणाऱ्याला फसवावयाचे नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.

चांगला बांधणारा तर याच्याही पुढे जातो. इंधनाची टाकी तयार झाली म्हणजे तो तिच्या तोंडाला फुगा बांधतो, आत थोडी हवा भरतो आणि साबणाच्या पाण्याने सांधे पुसतो. बुडबुडा दिसला किंवा फुगा लुळा पडला तर टाकी गळते, हे उमगते. तिन्ही चाके तीन काट्यांवर ठेवून तो विमानाचा गुरुत्वमध्य काढतो. प्रत्येक बोल्ट ठरल्या जोराने आवळल्यावर तो त्यावर रंगाची रेघ ओढतो. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. तीन पैशांचा फुगा आणि रंगाची रेघ! परंतु माणसाचे प्राण पुष्कळदा अशाच लहान वस्तूंवर अवलंबून असतात.

हा छंद खर्चिक आहे, असाही एक आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. संच, इंजिन आणि उपकरणे यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. परंतु जे एकट्याला झेपत नाही ते अनेकांना झेपते. २०१९ साली दक्षिण आफ्रिकेत २० किशोरवयीन मुलामुलींनी मिळून चार आसनांच्या विमानाचा संच जाणत्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे तीन आठवड्यांत जोडला. त्यानंतर त्यांच्यापैकी काहींनी ते विमान केपटाउनपासून कैरोपर्यंत, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागापासून उत्तर भागापर्यंत, सुमारे १२,००० किलोमीटर नेले. अनुभवी चालकांचे दुसरे विमान सोबतीला होते. हे सोबतीचे विमान पाहून त्या मुलांचे धाडस कमी ठरत नाही. उलट ते शहाण्यांचे धाडस होते, असेच म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रालाही ही जिद्द अपरिचित नाही. अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवली येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते संच आणून जोडलेले नव्हते. त्याची घडण त्यांनी स्वतःच केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची सरकारी नोंदणी व्हावयास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि चाचणीची परवानगी मिळाली ती २०१९ साली. लोकांच्या डोक्यावरून जाणारे यंत्र सरकारने बारकाईने तपासावे, हे योग्यच आहे. परंतु तपासणीची वाट आखलेली असावी आणि ती चालणाऱ्याला आधी दिसावी, हेही तितकेच योग्य आहे. नियम हे कुंपणासारखे असावेत. कुंपणाला फाटक हवे. ज्या देशात कल्पक हातांना फाटकच सापडत नाही, तेथील कौशल्य गच्चीवरच गंजून जाते.

एकंदरीत पाहता दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. निष्काळजी माणसाने विमान बांधणे हे वेडेपणच होय. परंतु जो मोजतो, दाखवितो, चुकले ते उसवितो आणि दुसऱ्याच्या तपासणीला अपमान समजत नाही, त्याच्या हातचे विमान हे मनुष्याच्या उत्तम गुणांचे दर्शन असते. सर्वांनाच विमान बांधावयाचे नसते. कोणाला टेबल करावयाचे असते, कोणाला विहीर बांधावयाची असते, कोणाला केवळ वहीतील एक गणित सोडवावयाचे असते. परंतु वाकडा रिव्हेट प्रत्येकाच्या कामात केव्हा ना केव्हा येतोच. तो झाकावयाचा की काढावयाचा, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.